चित्रांचा पंक्तिप्रपंच

इ. स. २००९ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील टेलिव्हिजन अकॅडमीनें आपल्या एमी पारितोषिकांसाठीं निवडलेल्या कार्यक्रमांचीं नांवें प्रसिद्ध केलीं. उत्कृष्ट विनोदी मालिकेच्या वर्गांत त्या वर्षीं सात नांवें होतीं. त्यांतील सहा मालिका हाडामांसाच्या नटनटींच्या होत्या. सातवी, 'फॅमिली गाय' ही, रेखाटलेल्या माणसांची आणि त्यांच्या घरीं राहणाऱ्या एका बोलक्या कुत्र्याची होती. या बातमीचा बराच गाजावाजा झाला, आणि त्याचें कारण त्या मालिकेच्या गुणांत फारसें नव्हतें. चित्रांच्या मालिकेला या वर्गांत स्थान मिळण्याचा याआधींचा प्रसंग १९६१ सालचा होता. मध्यें ४८ वर्षें गेलीं होतीं.

हीं ४८ वर्षें कशीं गेलीं, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परदेशांतील कार्टूनांना परदेशांतील बक्षिसें मिळालीं कीं न मिळालीं याची चौकशी आपण कशाला करावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, एखाद्या समाजांतील जाणते लोक कोणत्या कलेला कोणत्या पाटावर बसवितात, यावरून त्यांची कलेविषयींची कल्पना जितकी उघड होते, तितकी त्यांच्या व्याख्यानांवरून होत नाहीं. शिवाय या हकीकतीच्या एका टोकाशीं आपल्या देशाचें एक नांव गुंतलेलें आहे. त्याचा उल्लेख यथाक्रम येईलच.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. एकच कुटुंब, तेंच घर, तेच शेजारी, आणि दर आठवड्यास अर्ध्या तासांत उद्भवून मिटणारी एखादी घरगुती अडचण, असा ज्या विनोदी मालिकांचा सांचा असतो त्यांना अमेरिकेंत 'सिटकॉम' म्हणतात. तोच सांचा कायम ठेवून नटांच्या जागीं चित्रें आणलीं कीं कार्टून-सिटकॉम तयार होतो. भेद आहे तो साधनाचा; वाङ्मयप्रकार एकच. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील बहुतेक घोटाळा तिचा विसर पडल्यामुळें झालेला आहे.

टेलिव्हिजन अकॅडमीची स्थापना १९४६ सालीं लॉस एंजलिस येथें झाली व तिचीं पहिलीं पारितोषिकें २५ जानेवारी १९४९ रोजीं वांटण्यांत आलीं. त्या काळच्या कॅमेऱ्यांत 'इमेज ऑर्थिकॉन' नांवाची नळी असे. तंत्रज्ञ तिला लाडानें 'इमी' म्हणत. त्याचेंच पुढें 'एमी' झालें. ज्या पारितोषिकाचें नांव चित्र टिपणाऱ्या नळीवरून पडलें, त्यालाच पुढें चित्रांची अडचण व्हावी, ही एक मौजच म्हणावयाची.

कार्टून-सिटकॉमचे जनक म्हणून विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा या जोडीचें नांव घ्यावें लागतें. हे दोघे मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रपटसंस्थेंत 'टॉम अँड जेरी'चे पट तयार करीत असत. त्या मांजराला आणि उंदराला मिळून सात ऑस्कर मिळालीं. परंतु व्यासपीठावर जाऊन तीं स्वीकारण्याचा मान निर्माते फ्रेड क्विंबी यांचा होता. ज्यांच्या डोक्यांतून तीं पात्रें निघालीं ते खालीं बसून टाळ्या वाजवीत. १९५७ सालीं संस्थेनें आपला कार्टून-विभागच बंद केला, तेव्हां या जोडीनें स्वतःची संस्था काढून दूरचित्रवाणीकडे मोर्चा वळविला.

येथें एक व्यावहारिक अडचण होती, आणि आमच्या मतें सबंध प्रकाराचें स्वरूप तिनेंच ठरविलें. सिनेमागृहासाठीं सात मिनिटांचें कार्टून करण्यास जो पैसा मिळे, त्याच्या मानानें दूरचित्रवाणीचा पैसा अगदीं तुटपुंजा. तेव्हां हॅना-बार्बेरा यांनीं हालचाल छाटून टाकली. शरीर स्थिर ठेवावें, ओठ आणि पापण्या तेवढ्या हलवाव्या, पात्र धांवूं लागलें कीं मागील तेंच झाड आणि तेंच घर पुनःपुन्हा सरकवीत न्यावें. हालचाल गेली म्हणजे विनोदाचा भार कशावर पडणार? अर्थातच संवादांवर आणि आवाजावर. कार्टून-सिटकॉम ही चित्रकाराची कला म्हणून ओळखली जाते. परंतु जन्मापासून तिचा अर्धा जीव लेखकाच्या लेखणींत व नटाच्या कंठांत आहे. नभोनाट्याशीं तिचें नातें जितकें जवळचें आहे तितकें कदाचित् जुन्या कार्टूनांशींही नसेल.

या जोडीच्या 'हकलबेरी हाउंड' या निळ्या कुत्र्याच्या कार्यक्रमास १९६० सालीं एमी मिळालें, पण तें मुलांच्या कार्यक्रमांच्या वर्गांत. तें योग्यच होतें. कार्यक्रम मुलांचाच होता. ३० सप्टेंबर १९६० रोजीं ए. बी. सी. या वाहिनीवर आलेले 'फ्लिंटस्टोन्स' मात्र निराळे. अश्मयुगांतील एक गांव, त्यांत दगडाच्या खाणींत काम करणारा फ्रेड, त्याची शहाणी बायको विल्मा, शेजारचा बार्नी व त्याची बायको बेटी. डायनासोर यारीचें काम करतो, पक्ष्याची चोंच फोनोग्राफची सुई होते, मोटारगाडी पायांनीं ढकलावी लागते. हा सगळा साज काढून टाकला तर खालीं उरतें तें १९५० नंतरच्या अमेरिकेंतील मध्यमवर्गीय कुटुंब: हप्ते, वरिष्ठांची मर्जी, बायकोपासून लपविलेला बेत, आणि तो उघडकीस आल्यावरची फजिती. जॅकी ग्लीसनच्या 'हनीमूनर्स' या मालिकेवरून हा सांचा उचललेला आहे, हें तेव्हांही कोणापासून लपलेलें नव्हतें. कार्यक्रम शुक्रवारीं रात्रीं लागे, त्यांत नटांच्या मालिकांप्रमाणें प्रेक्षकांच्या हंशाची ध्वनिमुद्रिका घातलेली असे, आणि आरंभींच्या काळांत त्याचा एक आश्रयदाता विन्स्टन सिगारेटचा कारखाना होता. फ्रेड आणि बार्नी घरामागें बसून सिगारेट ओढीत आहेत अशी जाहिरात त्यांत दाखविली जाई. आज ती पाहून अंगावर कांटा येतो. पण कार्यक्रम कोणासाठीं होता याविषयीं याहून स्पष्ट पुरावा मिळणें कठीण.

बार्नीचा आवाज मेल ब्लँक यांचा. जानेवारी १९६१ मध्यें मोटारीच्या भयंकर अपघातांत ते मरतां मरतां वांचले. कांहीं भाग दुसऱ्या नटानें निभावून नेले. पुढें ब्लँक यांच्या बिछान्याभोंवतीं ध्वनिक्षेपक मांडून, ते सर्वांगास प्लास्टर बांधलेल्या स्थितींत उताणे पडलेले असतां, बार्नीचें खिदळणें मुद्रित करण्यांत आलें. नटाच्या निष्ठेच्या ज्या कथा आपण रंगभूमीच्या इतिहासांत आदरानें सांगतों, त्यांच्या शेजारीं ही खुशाल बसवावी.

त्याच वर्षीं विनोदी कार्यक्रमांच्या एमीसाठीं पांच नांवें निवडलीं गेलीं: जॅक बेनी, अँडी ग्रिफिथ व बॉब होप यांचे कार्यक्रम, 'कँडिड कॅमेरा', आणि 'फ्लिंटस्टोन्स'. पारितोषिक जॅक बेनींस मिळालें. मेल ब्लँक हे बेनींचे जुने सहकारी असून त्यांच्या कार्यक्रमांतही कामें करीत. तेव्हां एका परीनें त्यांचा जय दोन्हीकडून ठरलेला होता. बेनींसारख्या मुरलेल्या विनोदपटूपुढें हार खाण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्या वर्षीं अकॅडमीजवळ चित्रांसाठीं वेगळा वर्गच नव्हता, आणि नव्हता म्हणूनच पांचांच्या पंक्तींत चित्रें बसूं शकलीं.

'फ्लिंटस्टोन्स' १९६६ सालीं संपली. दरम्यान 'टॉप कॅट', 'जेटसन्स' अशा मालिका रात्रीच्या वेळीं येऊन एकेका वर्षांत गेल्या. त्यानंतर वाहिन्यांना शनिवार सकाळचा शोध लागला. शाळेला सुटी, आईबाप निजलेले, मुलें एकटीं पडद्यासमोर, आणि जाहिरातदार खेळणीं व साखरेचे पोहे घेऊन तयार. कार्टूनें तिकडे गेलीं आणि जवळजवळ पंचवीस वर्षें तिकडेच राहिलीं. रात्रीं दिसत तीं नाताळचीं किंवा सणावारीं होणारीं विशेष चित्रें. त्यांतील कांहीं अप्रतिम होतीं. 'ए चार्ली ब्राउन ख्रिसमस' याला १९६६ सालीं मिळालेलें एमी, पुन्हा एकदां, मुलांच्या वर्गांतलें होतें. एक संबंध पिढी अशी वाढली कीं, चित्र म्हणजे बालपण हें समीकरण तिच्या हाडींमांसीं खिळलें. पुढें अकॅडमीचे मतदार म्हणून जे बसले ते याच पिढीचे.

१९७९ सालीं अकॅडमीनें 'उत्कृष्ट ॲनिमेटेड कार्यक्रम' असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. पहिलें पारितोषिक सी. एस. लुइस यांच्या कादंबरीवरील 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' या चित्रास मिळालें. या नव्या वर्गामागें कोणाचा दुष्ट हेतु होता असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या वेळीं रात्रीच्या कार्यक्रमांत कार्टून-सिटकॉम हा प्रकारच अस्तित्वांत नव्हता. सणावारच्या चित्रांना कोठें तरी जागा द्यावी हा हेतु चांगलाच होता. १९८० सालीं या वर्गांत 'कार्लटन युअर डोअरमन' विजयी झालें. 'ऱ्होडा' नांवाच्या नटांच्या मालिकेंत एक दारवान असे. तो कधीं दिसत नसे, दाराच्या यंत्रांतून केवळ त्याचा आवाज ऐकूं येई. त्या आवाजाला चित्रांचें शरीर देऊन प्रौढांसाठीं नवी मालिका करावी म्हणून हा नमुना तयार केला होता. पारितोषिक मिळालें, मालिका मात्र निघालीच नाहीं. त्यापुढील दशक मुख्यतः गारफील्ड या बोक्याचें.

आतां सिम्प्सन कुटुंबाकडे येऊं. मॅट ग्रेनिंग यांनीं निर्मिलेलें हें कुटुंब १९८७ सालीं ट्रेसी उलमन यांच्या कार्यक्रमांत मिनिटा-दोन मिनिटांच्या तुकड्यांतून प्रथम दिसलें, आणि १७ डिसेंबर १९८९ रोजीं फॉक्स वाहिनीवर त्याची अर्ध्या तासाची मालिका सुरू झाली. बाप होमर आळशी, खादाड, पण प्रेमळ. आई मार्ज सोशीक. मुलगा बार्ट वांड. मुलगी लिसा आठ वर्षांची आणि घरांत सर्वांत शहाणी. तान्ही मॅगी तोंडांत चोखणी धरून बसलेली. कोणाचेंही वय वाढत नाहीं. नटांच्या मालिकेला जी सवलत काळ कधींच देत नाहीं ती येथें फुकट मिळते. बार्ट अद्यापि दहा वर्षांचाच आहे.

१९९० सालीं व पुन्हा १९९१ सालीं या मालिकेनें ॲनिमेशनचें एमी घेतलें. १९९१ चा विजयी भाग मोठा मार्मिक आहे. होमर केबलची जोडणी चोरून घेतो, घरांत वाहिन्यांचा पूर येतो, आणि रविवारच्या धर्मशाळेंत 'चोरी करूं नको' ही आज्ञा शिकून आलेल्या लिसाला आपला बाप नरकांत जाणार अशी धास्ती पडते. ती रागावत नाहीं, आदळआपट करीत नाहीं. कार्यक्रम पाहावयास सर्व जमले असतां एकटी बाहेर अंगणांत जाऊन बसते. टेलिव्हिजनच्या पंडितांनीं टेलिव्हिजनच्या चोरीवरील कथेला बक्षीस द्यावें यांत विनोद आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नीतिकथेचा विषय असूनही कोठें उपदेशाचा वास येत नाहीं.

त्याच वर्षींच्या 'लिसाज सब्स्टिट्यूट' या भागाचा उल्लेख केल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. बदली शिक्षक म्हणून आलेला एक गृहस्थ लिसाला प्रथमच आपण कोणी तरी आहोंत याची जाणीव करून देतो आणि कांहीं दिवसांनीं आगगाडीनें निघून जातो. जातांना तो तिच्या हातीं एक चिठी ठेवतो. तींत तिच्या स्वतःच्या नांवापलीकडे कांहीं नसतें. ज्यांनीं आयुष्याचीं वर्षें वर्गांत काढलीं आहेत त्यांना ही चिठी काय आहे हें सांगावयास नको. डस्टिन हॉफमन यांनीं त्या शिक्षकास आवाज दिला आहे, तोही टोपण नांवानें. अशी कथा नटांच्या मालिकेंत आली असती तर तिचें वर्णन 'हृद्य' या विशेषणानें झालें असतें. येथें वर्णन 'उत्कृष्ट ॲनिमेशन' असें करावयाचें. पण त्या चिठींत ॲनिमेशन तें कोठें?

हा विचार निर्मात्यांच्याही मनांत आला असला पाहिजे. तोंपर्यंत त्यांना ॲनिमेशनच्याच वर्गांत उतरण्याची मुभा होती. १९९३ च्या आरंभीं अकॅडमीनें नियम बदलला: चित्रांच्या मालिकेनें इच्छा असल्यास सर्वसाधारण विनोदी मालिकांच्या वर्गांत यावें. दोन्ही दगडांवर पाय मात्र ठेवतां येणार नव्हता. 'सिम्प्सन्स'च्या निर्मात्यांनीं थोरली पंगत पसंत केली व दोन भाग परीक्षणास धाडले. एकांत मार्ज गांवांतील हौशी मंडळीबरोबर टेनेसी विल्यम्स यांच्या प्रसिद्ध नाटकावर रचलेल्या संगीतिकेंत काम करते. होमरला त्याचें कांहींच सोयरसुतक नसतें, पण प्रयोग पाहतां पाहतां त्या दुर्दैवी नायिकेच्या दुःखांत त्याला आपल्या बायकोचें दुःख दिसूं लागतें. दुसरा भाग 'मिस्टर प्लाऊ': होमर बर्फ उपसण्याचा धंदा काढतो आणि त्याचा जिवलग मित्र त्याचाच प्रतिस्पर्धी होतो.

निवड झाली ती 'सीनफेल्ड', 'चीअर्स', 'मर्फी ब्राउन', 'होम इम्प्रूव्हमेंट' व 'लॅरी सँडर्स शो' या पांचांची. 'सिम्प्सन्स'चें नांव नव्हतें. ॲनिमेशनच्या वर्गांत ती उतरलीच नव्हती, त्यामुळें तेथील पारितोषिक 'बॅटमन'च्या मालिकेला गेलें. तेलही गेलें, तूपही गेलें, हातीं धुपाटणें आलें. आणि या निकालांतील गंमत अशी कीं, 'मिस्टर प्लाऊ' याच भागांतील होमरच्या आवाजाबद्दल डॅन कॅस्टेलानेटा यांना त्याच वर्षीं एमी मिळालें. नटाचें काम उत्कृष्ट. तें ज्या नाटकांत आहे तें नाटक मात्र पहिल्या पांचांतही बसविण्याजोगें नाहीं!

'सीनफेल्ड' विजयी झाली याबद्दल आमची तक्रार नाहीं. विनोदाच्या इतिहासांत तिचें स्थान अढळ आहे. परंतु त्या पांचांत 'होम इम्प्रूव्हमेंट'ला जागा होती आणि 'सिम्प्सन्स'ला नव्हती, हा निर्णय आज कोण समर्थूं शकेल? १९९४ सालीं पुन्हा प्रयत्न झाला व पुन्हा तोच निकाल लागला. १९९५ सालीं निर्माते मुकाट्यानें जुन्या वर्गांत परतले व 'लिसाज वेडिंग' या भागास लगेच पारितोषिक मिळालें. आरंभापासून २०२३ सालच्या पारितोषिकांपर्यंत या मालिकेनें तो मान एकंदर बारा वेळां मिळविला. १९९९ च्या अखेरीस 'टाइम' साप्ताहिकानें विसाव्या शतकांतील सर्वोत्कृष्ट दूरचित्रवाणी-मालिका म्हणून तिची निवड केली. म्हणजे एका जाणत्या पत्राच्या मतें जी शतकांत पहिली, ती अकॅडमीच्या मतें कोणत्याही एका वर्षीं पहिल्या पांचांतही आली नाहीं. आतां बारा बक्षिसें मिळाल्यावर अन्याय कसला, असा प्रश्न येईल. बक्षिसांच्या संख्येचा हा वाद नाहींच. सणाच्या दिवशीं पाहुण्याला पडवींत बसवून बारा वेळां वाढलें, तरी तो माजघरांत जेवला असें होत नाहीं.

हा भेद मानापुरताच होता असेंही नाहीं. नटांच्या मालिकांच्या लेखकांना लेखकसंघाच्या करारानें जें संरक्षण मिळे, म्हणजे पुनःप्रक्षेपणाचा मोबदला, आजारपणाची तरतूद इत्यादि, तें कार्टून लिहिणाऱ्यांस मिळत नसे. फॉक्सच्या कार्टून-मालिकांच्या लेखकांना तें मिळावयास १९९८ साल उजाडावें लागलें. एकच टेबल, तशीच लेखणी, तसाच विनोद. पण तो नटानें बोलावयाचा कीं चित्रानें, यावर घरखर्च अवलंबून.

दुसऱ्या बाजूचें म्हणणें आतां ऐकलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. कार्टूनच्या एका भागास कित्येक महिने लागतात. आधीं संहिता, मग आवाज, मग त्या आवाजाच्या मापानें चित्रें. मुख्य चित्रें अमेरिकेंत काढलीं जातात, आणि मधल्या हजारों चित्रांचें काम दक्षिण कोरियांतील चित्रशाळांत होतें. 'सिम्प्सन्स'चें काम आरंभापासून तेथील एकॉम या संस्थेकडे गेलेलें आहे. ही मेहनत वेगळी, तिचें शास्त्र वेगळें. नटांच्या मालिकांचे मतदार तिचें मोल काय जाणणार? स्वतंत्र वर्ग नसता तर 'ओव्हर द गार्डन वॉल'सारखी लहानशी, पण मनांत रेंगाळणारी कलाकृति, जिला २०१५ सालीं हें पारितोषिक लाभलें, तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नसतें. हें सर्व आम्हांस मान्य आहे. स्वतंत्र वर्ग असावा. पण मग त्या वर्गांत चित्रकलेचें परीक्षण व्हावें. प्रत्यक्षांत काय झालें? एका वर्षीं प्राचीन रोमन नगरावरील माहितीपट, दुसऱ्या वर्षीं एका वीराची साहसकथा, तिसऱ्या वर्षीं घरगुती विनोद, असे सर्व एकाच तागडींत तोलले गेले. पद्यांत आहे एवढ्याच कारणावरून 'लीलावती'तील गणितें आणि 'मेघदूत' एका वर्गांत घालण्यासारखें हें आहे.

साधनावरून वर्ग पाडला म्हणजे गुण कसे हुकतात याचें सर्वांत बोलकें उदाहरण 'बोजॅक हॉर्समन' या मालिकेंत आहे. तिचा नायक म्हणजे घोड्याचें तोंड असलेला, मद्यानें व पश्चात्तापानें पोखरलेला एक उतारवयाचा नट. २०१८ सालच्या 'फ्री चुरो' या भागांत तो आईच्या अंत्यविधीस उभा राहून बोलतो, आणि जवळजवळ सबंध भागभर त्या एकट्याचें बोलणेंच चालतें. तो विनोद करतो, वाद्यवाल्याला टोमणे मारतो, आईच्या शेवटच्या शब्दांचा अर्थ लावूं पाहतो, आणि त्या शब्दांत अर्थ नव्हताच हें उमजल्यावर गप्प होतो. चित्र जवळजवळ हालत नाहीं. हा भाग २०१९ सालीं ॲनिमेशनच्या एमीसाठीं निवडला गेला व हरला. ज्या कृतींत ॲनिमेशन मुद्दाम दूर सारलें आहे तिला ॲनिमेशन म्हणून तोलावयाचें, आणि तिचा प्राण जें लेखन व जो अभिनय, त्यांचा विचार करणाऱ्या थोरल्या वर्गाचें दार तिच्यापुरतें मिटलेलें! सहा वर्षें चाललेल्या या मालिकेला एकही एमी मिळालें नाहीं.

'किंग ऑफ द हिल'विषयींही असेंच म्हणतां येईल. टेक्सासमधील एका सरळमार्गी गॅसविक्रेत्याच्या कुटुंबाची ही मालिका इतकी संथ व वास्तव आहे कीं, ती नटांकडून करविली असती तरी चालली असती. १९९९ सालचें एक ॲनिमेशनचें पारितोषिक, एवढीच तिची मालिका म्हणून कमाई. उलट 'साउथ पार्क'ला तेंच पारितोषिक पांच वेळां मिळालें. सहा दिवसांत एक भाग उरकून चालू घडामोडींवर झडप घालणाऱ्या त्या मालिकेचा शिवराळपणा आम्हांस रुचत नाहीं. तिचें धैर्य मात्र नाकारतां येत नाहीं.

राहतां राहिली २००९ सालची 'फॅमिली गाय'. त्या वर्षीं नामांकनांची संख्या वाढविण्यांत आली होती, त्याचाही या प्रवेशाला हातभार लागला असावा. पारितोषिक 'थर्टी रॉक'ला सलग तिसऱ्यांदा मिळालें. खरें सांगावयाचें तर, ४८ वर्षांनीं उघडलेल्या दारांतून आंत जाण्याचा अधिकार आम्हीं या मालिकेला दिला नसता. तिचा विनोद तुकड्यातुकड्यांचा. कथेला थांबवून मध्येंच एखादी नक्कल दाखवावी आणि पुढें चालावें, ही तिची रीत. १९९३ च्या 'सिम्प्सन्स'च्या पासंगालाही ती पुरत नाहीं. पण दार उघडलें तेव्हां जो उंबऱ्याशीं उभा होता तो आंत गेला. दार पुन्हा लागलें तें २०२५ सालच्या नामांकनांपर्यंत उघडलेलें नाहीं. १९६१ पासून आजवर दोन नामांकनें, आणि विजय एकही नाहीं.

आवाजाच्या नटांची हकीकत याला जोडूनच आहे. १९९२ सालीं 'सिम्प्सन्स'मधील सहा जणांना एकाच वेळीं आवाजाबद्दल एमी देण्यांत आलें. हें पारितोषिक बरींच वर्षें स्पर्धेनें न देतां पंचांच्या निर्णयानें दिलें जाई. तें मुख्य समारंभांत दिलें जात नसे, आधीं होणाऱ्या धाकट्या समारंभांत उरकलें जाई. केल्सी ग्रॅमर यांचें उदाहरण पाहावें. 'फ्रेझर' मालिकेंतील कामाबद्दल त्यांना चार वेळां प्रमुख नटाचें एमी मिळालें, सर्व देशाच्या देखत. 'सिम्प्सन्स'मधील साइडशो बॉब या सुसंस्कृत खलपुरुषाच्या आवाजाबद्दल २००६ सालीं मिळालें तें धाकट्या समारंभांतलें. गळा तोच, ऐट तीच, शब्दफेक तीच. चेहरा दिसला नाहीं एवढाच उणेपणा.

आणि येथेंच आपल्या देशाचा संबंध येतो. सिम्प्सनांच्या गांवांत एक किराणा दुकान आहे. त्याचा चालक अपू नहासापीमापेटिलॉन हा भारतीय. त्याचें नांव सत्यजित राय यांच्या अपूवरून घेतलेलें आहे. एवढ्या थोर कलाकृतीची आठवण या मालिकेच्या लेखकांना होती, हें त्यांच्या व्यासंगाचें लक्षण मानावयास हरकत नाहीं. परंतु त्या अपूच्या तोंडीं जें हेलकावे घेणारें इंग्रजी घातलें, तें हँक अझारिया या अमेरिकन नटाचें होतें, आणि १९९८ सालीं अझारिया यांना आवाजाचें जें एमी मिळालें तें याच भूमिकेबद्दल. पंचांनीं नकलेचें कसब तपासलें व त्याला पूर्ण गुण दिले. ही नक्कल कोणाची, ती ज्यांची आहे त्यांना शाळेंत कोणत्या नांवानें हांक मारली जाते, हा प्रश्न त्या खोलींत उपस्थित झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पडवींतल्या पाहुण्याकडे यजमान जसा नीट लक्ष देऊन पाहत नाहीं, तसेंच त्याचें बोलणेंही नीट ऐकत नाहीं. चेहऱ्याला काळा-गोरा रंग लावून नट उभा राहिला असता तर १९९८ च्या अमेरिकेंत गहजब झाला असता. आवाजाला लावलेला रंग, तो कार्टूनांत असल्यामुळें, कोणाच्या डोळ्यांवर आला नाहीं.

तो प्रश्न विचारला हरि कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या अमेरिकन विनोदकारानें, २०१७ सालच्या 'द प्रॉब्लेम विथ अपू' या अनुबोधपटांत. कोंडाबोलू हा 'सिम्प्सन्स'चा शत्रु नव्हे; लहानपणापासूनचा चाहता आहे, आणि म्हणूनच त्याचें बोलणें लागलें. जानेवारी २०२० मध्यें अझारिया यांनीं आपण यापुढें अपूचा आवाज काढणार नसल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत, गोऱ्या नटांकडून इतर वर्णांच्या पात्रांचे आवाज करवून घेण्याची प्रथा मालिकेनेंच बंद केली. आणि २०२१ सालीं अझारिया यांनीं भारतीयांची उघड क्षमा मागितली. अपू तेव्हांपासून जवळजवळ मुकाच आहे. एमीच्या यादींत मात्र १९९८ सालच्या त्या पारितोषिकापुढें नटाचें नांव हँक अझारिया, आणि भूमिकेचें नांव अपू नहासापीमापेटिलॉन, असेंच नमूद आहे.